चार घरांचे शब्द: दिवाळी अंकाच्या कोड्याच्या नोंदी

७ सप्टेंबर २०२५, रविवार

काल विसर्जन आटोपलं आणि आज सकाळी सोसायटीच्या दिवाळी अंकाची बैठक झाली. अंकाचा विषय 'मोल'. लेख, कविता, पाककृती वाटून झाल्या. शब्दकोडं नेहमीप्रमाणे माझ्याकडे आलं. मजकूर १० ऑक्टोबरला छापखान्यात. मिळालेली जागा एक पान, त्यातलं अर्धं शोधसूत्रांना जाणार.

ठरवलेल्या गोष्टी: ११ बाय ११ चा चौकोन. कागद उलटा धरला तरी काळ्या घरांची नक्षी तीच दिसली पाहिजे. वर्तमानपत्रातल्या सगळ्याच मराठी कोड्यांत हा नियम पाळत नाहीत. मी पाळते, कारण तो नसला की अडल्या ठिकाणी काळं घर टाकून निसटता येतं. शक्य तितके शब्द विषयातले हवेत: ज्याची किंमत मोठी, ज्याचा मान मोठा, जे जिवापाड जपलं जातं ते.

नोंदी ठेवतेय, कारण पुढच्या वर्षी हे काम दुसऱ्या कोणाच्या तरी गळ्यात घालायचा बेत आहे. त्याला निदान वाट दिसावी.

९ सप्टेंबर, मंगळवार

ठाणे ते सीएसएमटी बसायला जागा मिळाली, त्यामुळे यादी बरीच पुढे गेली.

चार घरांचे: अनमोल, बहुमोल, बिनमोल, मौल्यवान, मूल्यवान. तीन घरांचे: अमूल्य, अमोल, अनर्घ, महार्घ, दुर्मीळ, किमती, महाग, अप्रूप. याशिवाय बावनकशी, लाखमोलाचा, ताईत, ऐवज, मानधन, मानकरी, दागिने, रत्नं, वजनं.

अडचण यादीतच दिसते. इंग्रजी कोड्यात सूत्रापुढे अक्षरसंख्या असते आणि तिथे ती खरंच उपयोगी पडते: 'प्रेशस'ला आठ अक्षरं, 'प्राइझ्ड'ला सहा, 'डिअर'ला चार. आकडा बघितला की निम्मे पर्याय गळतात. आपल्याकडे काना, मात्रा, वेलांटी, जोडाक्षर सगळं एकाच घरात बसतं, त्यामुळे शब्द आखूड होतात आणि समानार्थी शब्द एकाच मापाचे निघतात. अनमोल, बहुमोल, बिनमोल तर शेवटची दोन घरंही वाटून घेतात. 'अत्यंत मौल्यवान (४)' असं सूत्र दिलं तर सोडवणाऱ्याला तीन उत्तरं सुचतील आणि तिन्ही बरोबर असतील. वर 'मो' आणि 'ल' आडव्या-उभ्या शब्दांतून मिळाले तरी तो होता तिथेच.

म्हणजे या तिघांपैकी जो घ्यायचा, त्याच्या पहिल्या नाहीतर दुसऱ्या घरातून दुसरा शब्द गेलाच पाहिजे. हा या कोड्याचा पहिला नियम.

'मौल्यवान' आणि 'मूल्यवान' यांतला घोळ तर पहिल्याच घरात आहे. तिथून 'मौ' असलेला शब्द जायला हवा. मौज, मौन, मौजे... 'मौक्तिक'! मोतीच तो. विषयातला शब्द घरबसल्या मिळाला.

१३ सप्टेंबर, शनिवार

संध्याकाळी आत्याकडे, घंटाळीला. आत्याने आयुष्यभर शाळेत मराठी शिकवलं. निवृत्त होऊनही तिच्या हातातला लाल पेन सुटलेला नाही. यादी बघितली आणि म्हणाली, "अगं, तू 'मौल्यवान' लिहून 'बहुमोल' मागणार, आणि कोणी 'अनमोल' लिहिलं तर मार्क कापणार? मी तरी कापले नसते."

मी म्हटलं, "आत्या, मग सूत्र कशावरून द्यायचं?"

"शब्द कोणाबरोबर हिंडतो ते बघ."

मग तासभर तेच केलं. एकेक शब्द घ्यायचा आणि त्याच्या शेजारी रोज कोण दिसतं ते लिहायचं. 'मौल्यवान'च्या शेजारी वस्तू, धातू, खडे. लग्नाच्या हॉलमध्ये पाटीच असते: आपल्या मौल्यवान वस्तू स्वतः सांभाळा. 'बहुमोल'च्या शेजारी मार्गदर्शन आणि सहकार्य; आभारप्रदर्शनाचा माणूस माइकपाशी आला की हा शब्द येणारच. 'अमूल्य' वेळेबरोबर: आपला अमूल्य वेळ काढून उपस्थित राहिल्याबद्दल. 'अनमोल' ठेव्याबरोबर आणि क्षणांबरोबर. 'मोलाची' म्हटलं की भर, साथ, वाटा. 'किमती' म्हटलं की ऐवज, आणि 'ऐवज' म्हटलं की चोरी; घरफोडीच्या बातमीबाहेर हा शब्द मला तरी क्वचितच भेटला आहे. 'महाग' मात्र भाजीपासून फ्लॅटपर्यंत सगळीकडे. 'महाग मार्गदर्शन' असं कोणी म्हणत नाही. घोडबंदर रोडवरच्या क्लासेसची फी बघता म्हणायला हरकत नाही.

एक जागा वादाची निघाली. आत्याने कपाटातून निवडणुकीचं जुनं पत्रक काढलं (ती पत्रकांची पाठकोरी बाजू किराण्याच्या यादीला वापरते), त्यावर 'आपले बहुमोल मत'. दुसऱ्यावर 'आपले अमूल्य मत'. दोन्ही पक्षांचं मराठी चुकलेलं नाही. पण एक चार घरांचा, एक तीन. इथे संख्येनेच निवाडा होतो.

तिथेच सूत्रं ठरली. बहुमोल: 'आभार मानताना मार्गदर्शनाला हमखास चिकटवतात (४)'. अमूल्य: 'पाहुण्यांनी काढलेला वेळ असाच असतो (३)'. अमूल्यला 'अमोल' हा प्रतिस्पर्धी आहे, म्हणून शेवटच्या घरातून 'वात्सल्य' उभा सोडायचा; 'ल्य' आला की अमोल बाद. याच कारणाने 'अमूल'ही बाद होतो. त्या दुधाचं नावही 'अमूल्य'शीच जोडलेलं आहे. आणंदचा तो सहकारी संघ १९४६ चा. वेगळं सूत्र करता आलं असतं, पण एका कोड्यात दोन जुळे नकोत.

'बहुमोल'च्या दुसऱ्या घरासाठी 'हु' असलेला शब्द हवा होता. हुंडीतला 'हुं' चालत नाही, अनुस्वार आला की घर वेगळं. आत्या चहा गाळता गाळता म्हणाली, "पाहुणा." पा-हु-णा. मधलं घर बरोबर बसतं, विषयातही बसतो. ठाण्यातल्या वन बीएचकेत त्याचं मोल किती दिवस टिकतं हा वेगळा प्रश्न.

निघताना 'अप्रूप'चं सूत्र तिनेच दिलं: 'रोज मिळू लागले की ओसरते'. यात मी काहीही बदलणार नाही.

१४ सप्टेंबर, रविवार

भाचा आला होता. त्याला शब्दसंग्रहातून नेमक्या घरांचे शब्द शोधून देणारा प्रोग्राम लिहायला लावला आहे. म्हणजे 'दुसरं घर हु, एकूण तीन घरं' असं विचारलं की यादी मिळावी.

"मावशी, 'मौल्यवान'ची लांबी आठ येतेय."

बरोबरच आहे. संगणकाच्या दृष्टीने म, औकाराची मात्रा, ल, हलन्त, य, व, काना, न अशी आठ चिन्हं होतात. घरं मोजायची तर चिन्हांचे गुच्छ मोजायला हवेत. त्याने जी जुनी लायब्ररी (म्हणजे तयार कोडचा संच) वापरली ती 'ल्य'चे दोन तुकडे करत होती आणि उत्तर पाच येत होतं. देवनागरी जोडाक्षर अखंड धरण्याचा नियम युनिकोडच्या, म्हणजे संगणकावरच्या लिप्यांच्या जागतिक प्रमाणाच्या, २०२३ मधल्या १५.१ आवृत्तीत आला. त्याप्रमाणे चालणारी नवी लायब्ररी घातली आणि चार आले.

दुसरी गंमत 'जवाहिऱ्या'ची. यादीत हा शब्द दोनदा दिसत होता आणि डोळ्यांना दोन्ही अगदी सारखे. आत बघितलं तर एकात 'ऱ' हे स्वतंत्र अक्षर वापरलेलं, दुसऱ्यात साधा 'र' आणि त्यामागे न दिसणारा जोडक. प्रोग्रामला ते दोन वेगळे शब्द. आता सगळी यादी आधी एका रूपात आणायची, मग मोजायची, असं त्याने करून दिलं.

ऱ्हस्व-दीर्घाचं मात्र प्रोग्रामवर सोडलेलं नाही. साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनाचे नियम शासनाने १९६२ मध्ये स्वीकारले, १९७२ मध्ये त्यांत चारांची भर पडून अठरा झाले. मी त्यांच्याच बाजूने जाणार. म्हणून 'दुर्मीळ' दीर्घ, लोक कितीही 'दुर्मिळ' लिहोत. पण निम्मे लोक ऱ्हस्व लिहितात हे माहीत असताना त्या घरातून दुसरा शब्द न नेणं हा सोडवणाऱ्यावर अन्याय. 'चिंतामणी' दीर्घ, तर 'मणिकांचन'मध्ये 'मणि' ऱ्हस्व, कारण तिथे तो समासातला पहिला तत्सम शब्द. णि आणि णी एकमेकांतून जाऊ शकत नाहीत, त्यामुळे हे दोन शब्द एकत्र बसवायचा विचार सोडला. 'किंमती' की 'किमती' हा वाद सुरूच होऊ नये म्हणून तो शब्दच काढला.

भाच्याचं म्हणणं, चौकोन नको, हिऱ्याच्या आकाराचं कोडं कर. कल्पना वाटते तितकी नवी नाही. २१ डिसेंबर १९१३ ला 'न्यूयॉर्क वर्ल्ड'मध्ये आर्थर विनचं जे पहिलं कोडं छापलं गेलं ते हिऱ्याच्याच आकाराचं होतं, आणि मधोमध पोकळ. पण आमच्या एका पानात हिरा बसवला की चार कोपरे वाया जातात. नाही म्हटलं. रुसला नाही.

१८ सप्टेंबर, गुरुवार

डावा वरचा कोपरा लागला. हा जसाच्या तसा उतरवते:

मौ | ल्य | वा | न
क्ति | ■ | ■ | व
क | ल | दा | र
■ | ■ | ■ | त्न

मौल्यवान आडवा, मौक्तिक उभा, नवरत्न उभा. तिसऱ्या ओळीत क आणि र मिळालेले होते, मधे दोन घरं. आधी 'कलाकार' टाकला होता. बसत होता, पण विषयाशी त्याचा संबंध मानधनापुरताच. रात्री आत्याला फोन केला. ती म्हणाली, "कलदार का नाही?"

कलदार! खणखणीत रुपया. कल म्हणजे यंत्र, टांकसाळीत यंत्रावर पाडलेलं नाणं ते कलदार. कंपनी सरकारने १८३५ पासून जो एकसारखा चांदीचा रुपया पाडला, त्याचं वजन १८० ग्रेन, म्हणजे बरोबर एक तोळा, ११.६६ ग्रॅम. त्यात बारा भागांत अकरा भाग चांदी. या नाण्याने वजनाचं कामही चोख केलं.

चारही शब्द विषयातले, असा कोपरा पुन्हा जमेल असं वाटत नाही. उरलेल्या तीन कोपऱ्यांत भरताड शब्द आले तरी या एकाकडे बघून लोक माफ करतील.

२० सप्टेंबर, शनिवार

नौपाड्यातल्या सोनारकाकांकडे गेले होते. वेळ मुद्दाम निवडली: पितृपंधरवडा, उद्या सर्वपित्री. या दिवसांत सोनं घ्यायला कोणी येत नाही, काकांना बोलायला फुरसत असते. दुकानात फक्त कान टोचायची चौकशी करायला आलेली एक आजी.

मला दागिन्यांची नावं तपासून हवी होती, पण हाती लागले ते दुकानातले रोजचे शब्द. 'नग' म्हणजे दागिन्याचा एक अदद. 'घडणावळ', पाच घरं, ग्राहक ज्यावर सर्वांत जास्त घासाघीस करतात ती. 'मोड', म्हणजे जुना दागिना विकायला आला की तो. 'चोख' म्हणजे भेसळ नसलेलं. आणि कसोटी. काकांनी ती काढून काउंटरवर ठेवली: काळाभोर, गुळगुळीत, बोटाएवढा लांब दगड. त्यावर माझ्याच अंगठीची एक रेघ ओढली, शेजारी माहितीच्या कसाच्या सळईची दुसरी, आणि दोन्हींवर काचेच्या काडीने आम्लाचा थेंब फिरवला. एक रेघ जरा फिकी पडली, दुसरी तशीच राहिली. "ताई, तुमची बावीसला थोडी कमी आहे," काका म्हणाले. आईने दिलेली अंगठी. तिला हे सांगणार नाही.

आता हे सगळं हॉलमार्कवर आलं आहे. ९१६ चा आकडा म्हणजे हजारात ९१६ भाग सोनं, बावीस कॅरट. आणि १ एप्रिल २०२३ पासून विकल्या जाणाऱ्या हॉलमार्कच्या दागिन्यावर सहा अंकाक्षरांचा ओळख क्रमांक सक्तीचा. कसोटीचा दगड काकांकडे जुन्या मोडीपुरता राहिला. कोड्यात मात्र तो हवाच: 'सोनाराकडे दगड, वानखेडेवर पाच दिवस (३)'.

वजनांचं सूत्रही तिथेच सुचलं. आठ गुंजांचा मासा, बारा माशांचा तोळा, म्हणजे ९६ गुंजा. काकांच्या गल्ल्यात खऱ्या गुंजा होत्या, लाल, टोकाला काळा ठिपका. "तोंडात घालू नका, विषारी असते," असं ते मलाही सांगून गेले. आता बोलताना तोळा म्हणतात तेव्हा दहा ग्रॅमच अभिप्रेत असतात, त्यामुळे मासा कोणाच्या तोंडी नाही. पण ठाण्यात हा शब्द दुसऱ्या अर्थाने भरपूर आहे: 'तोळ्याचा बारावा हिस्सा, चेंदणी कोळीवाड्यात ताजा (२)'.

मग तन्मणी. मोत्यांचे सर आणि मधे रत्नजडित पदक. त्या पदकाला काका 'खोड' म्हणाले. मी तिथेच वहीत लिहिलं: 'झाडाला असते, तन्मणीला लोंबते, माणसाला जडली की जात नाही (२)'. काकांना वाचून दाखवलं. ते हसले आणि म्हणाले, "आमच्या कारागिराला चहाची आहे."

खडा हा शब्द अंगठ्यांच्या ट्रेकडे बघताना आला. 'लाखमोलाचा'च्या दुसऱ्या घरातून तो जाईल. सूत्र: 'अंगठीत हवा, भातात नको (२)'. मला वाटतं या कोड्यातलं हे सर्वांत चांगलं सूत्र आहे. आत्याच्या मते अप्रूपचं.

'लाखमोलाचा'ला भावामुळे जरा विनोदी कळा आली आहे. दहा ग्रॅमचा भाव एप्रिलमध्येच लाखाला टेकला आणि नंतर वर गेला. लाखमोलाचा म्हणजे आता तोळाभरही नाही. सूत्र तसंच दिलं.

२४ सप्टेंबर, बुधवार

ऑफिसातून लवकर सुटले, म्हणून ठाण्याच्या मराठी ग्रंथ संग्रहालयात डोकावले. संस्था १८९३ ची. दाते-कर्व्यांच्या शब्दकोशाचे (१९३२ ते १९३८, सात विभाग) खंड समोर असले की नेटवरच्या याद्या फिक्या वाटतात. अनर्घ आणि महार्घ पाहिले. 'महाग' हा त्याच महार्घातून आला, आणि 'सवंग' हा समर्घातून. अर्घ म्हणजे किंमत. पण अनर्घ आज कोणाच्या बोलण्यात नाही, आणि ज्याला शेजारी नाहीत त्याला सूत्र द्यायचं तर फक्त अर्थ सांगावा लागतो. तो गाळला. ठेवला असता तर माझी विद्वत्ता दिसली असती, यापलीकडे काही नाही.

नवरत्नांपैकी किती घ्यायची? माणिक, मोती, पोवळे, पाचू, पुष्कराज, हिरा, नीलम, गोमेद, लसण्या. पंचांगातल्या क्रमाने सूर्य ते केतू. लसण्या म्हणजेच वैडूर्य, दोन्हींची तीन-तीन घरं. इथे पुन्हा तीच कटकट, पहिल्या घरातून शब्द न्यायलाच हवा. पोवळे की पोवळं? 'ळे' आणि 'ळं' ही वेगळी घरं. कोड्याच्या वर एक ओळ छापायची: सर्व शब्द लेखी, प्रमाण रूपात.

माणिक आणि नीलम यांना ग्रहांच्या भरवशावर सोडणं मला पटत नाही. दोन्ही एकच खनिज आहेत, कुरुंद. त्यात किंचित क्रोमियम शिरला की लाल, लोह आणि टायटॅनियम शिरले की निळा. मोहसच्या १८१२ च्या काठिण्यश्रेणीत कुरुंद नववा, वर फक्त हिरा. आणि ज्या कुरुंदाच्या पुडीने सुऱ्यांना धार लावतात, तोही हाच. सूत्र: 'माणिक आणि नीलम यांचे आडनाव (३)'. कु-रुं-द. शनीच्या भीतीने नीलम अंगठीतून काढणाऱ्यांनी माणिक मात्र हौसेने घालावं, याची मला नेहमी मौज वाटते.

समुद्रमंथनातली चौदा रत्नंही चाळली. मंगलाष्टकांमुळे ती सगळ्यांना अर्धवट पाठ असतात. ऐरावत घेतला, कारण त्याच्या 'ऐ'मधून ऐवज जातो: एक इंद्राचा, एक चोराचा. कौस्तुभचा 'स्तु' कुठे जुळेना, सोडला. आणि मराठीत ज्याला चौदावं रत्न म्हणतात ते त्या यादीत नाहीच. ते मास्तरांकडे असतं. छडी, दोन घरं.

भारतरत्न हाही शब्द होता, पण नवरत्न आधीच बसलेला. 'रत्न' दोनदा नको. 'मोल' मुद्दाम दोन-तीनदा येतो, तो विषय आहे म्हणून चालतो. त्याऐवजी 'कर्वे' घेतलं: '१९५८ मध्ये, वयाची शंभरी गाठताना भारतरत्न झालेले महर्षी (२)'.

१ ऑक्टोबर, बुधवार

उद्या दसरा. जांभळी नाक्यावर पाय ठेवायला जागा नाही. झेंडू, भाताच्या लोंब्या, आपट्याचे ढीग. आपट्याचे म्हणायचं, पण निम्म्या जुड्या कांचनच्या होत्या. आपट्याचं पान छोटं, जाडसर, लांबीपेक्षा रुंदीला जास्त. कांचनचं त्याहून मोठं आणि पातळ. दोन्ही एकाच कुळातली, दोन्हींच्या पानाला मधे खाच, त्यामुळे घाईत कोणी बघत नाही. विक्रेत्या बाईंना विचारलं तर म्हणाल्या, "ताई, हे पण सोनंच आहे." संस्कृत शब्दाच्या बाजूने पाहिलं तर त्यांचंच म्हणणं खरं.

आपटा: 'वर्षातून एक दिवस सोने (३)'. कोड्याच्या तळाशी बसला.

अनमोलच्या 'मो'मधून काय न्यायचं हे बरेच दिवस लटकलं होतं. पाच घरं: मोहनमाळ बसते, मोलकरीण बसते, मोलमजुरी बसते. मोहनमाळ सुंदर, पण दागिने आधीच पुष्कळ झालेत. मोलकरीण हा शब्द आता खटकतो. महाराष्ट्राच्या २००८ च्या कायद्यातही 'घरेलू कामगार' असं नाव आहे, आणि आमचा अंक ज्यांच्याकडून घरोघर पोचतो त्यांनाच तो बोचावा असं नको. मोलमजुरी ठेवली. विषय मोल आणि कोड्यात फक्त हिरे-मोती, हे मला पहिल्यापासून पटत नव्हतं. अनमोल आडवा, त्याच्या पोटातून मोलमजुरी उभी. सूत्र साधंच दिलं: 'रोजावर राबणे (५)'. अनमोलच्या दुसऱ्या घरातला 'न' उभ्या शब्दात घेता येईना, कारण शेजारच्या ओळी चिकटत होत्या. मग पहिल्या घरातून 'अप्रूप' खाली सोडला. आता बहुमोल, बिनमोल शिरू शकत नाहीत.

५ ऑक्टोबर, रविवार

कचराळी तलावावर सकाळच्या फेऱ्या मारणाऱ्या मंडळींना कोडं वाटलं. चालणं झाल्यावर बाकावर बसून सोडवायचं, बोलायचं नाही अशी अट. अट पाच मिनिटं टिकली.

खडा आणि मासा सगळ्यांना आले, लगेच. 'खोड' फक्त बायकांना, आणि त्यातही ज्यांच्या घरात तन्मणी आहे त्यांना. पण 'माणसाला जडली की जात नाही' यावरून बाकीचेही पोचले. एका काकांनी 'कसोटी'साठी आधी 'सामना' लिहिलं, मग तिसऱ्या घरापाशी स्वतःच खोडलं. कलदार वयाची सत्तरी ओलांडलेल्यांनाच येत होता. तरुण मुलीने विचारलं, "हे मोबाईलचं ॲप आहे का?" तिला क आणि र दोन्ही मिळाले होते, तरी शब्दच ओळखीचा नाही म्हणून ती थांबली. ठेवायचा. चारही बाजूंचे शब्द सोपे आहेत, आणि एखादा शब्द कोड्यामुळे घरात विचारला जाणं हे मला चालतं.

'बहुमोल' सगळ्यांनी एकमताने लिहिलं. एकानेही 'अनमोल' घातलं नाही, 'हु' यायच्या आधीसुद्धा. आत्या बाकावर बसूनच होती. काही बोलली नाही, फक्त माझ्याकडे बघितलं.

'छडी'वर मात्र गाडी अडली. 'समुद्रातून न निघालेले रत्न, मास्तरांकडे असायचे' यावर कोणी मार, कोणी छडी, कोणी वेत लिहिलं, तिन्ही दोन घरांचे. 'डी' खालून आडव्या शब्दातून मिळतो, पण तोपर्यंत लोक शाईने लिहून मोकळे. शिवाय आत्याचा आक्षेप वेगळा: शिक्षण हक्क कायदा २००९, कलम १७, मुलांना शारीरिक शिक्षा बंद, तू दिवाळी अंकात छडीची आठवण काढणार? मी म्हटलं, 'असायचे' असा भूतकाळ वापरला आहे. ती म्हणाली, "माझ्याकडे नव्हतीच." सूत्र बदलून 'चौदावे रत्न, लागे छमछम (२)' केलं. छमछम म्हटल्यावर दुसरं काही कोणी लिहिणार नाही.

९ ऑक्टोबर, गुरुवार

छापखान्यात अंक युनिकोड नसलेल्या जुन्या फाँटात जुळवतात. मजकूर बदलताना जोडाक्षरं फुटतात, 'ऱ्या'चा तर वेगळाच अवतार होतो. म्हणून चौकोन चित्र म्हणून दिला आणि सूत्रं छापील प्रतीवरून त्यांनीच टंकावीत असं ठरलं. मुद्रितं मी आणि आत्या दोघींनी वाचली. उत्तरं शेवटच्या पानावर उलटी.

जागेसाठी गोमेद आणि मानकरी गेले. मानधन राहिलं; 'कलाकाराला देतात, बहुतेक वेळा उशिरा (४)'. संपादकांनी 'बहुतेक वेळा उशिरा' काढायला सांगितलं, कारण गाण्याच्या कार्यक्रमाचं अजून द्यायचं आहे. काढलं.

न वापरलेले शब्द फाइलमध्ये ठेवले आहेत: बावनकशी, मणिकांचन, मोहनमाळ, जवाहिऱ्या, पैठणी, वज्रटीक. पुढच्या वर्षीचा विषय 'पाऊस' ठरतोय असं कानावर आलं. या सहांपैकी एकही पावसात उपयोगाचा नाही. भाच्याला 'र, स, घ' घेऊन शोधायला सांगितलं आहे.